पिवळा पट्टा

पादचारी हा शब्द ज्याने काढला तो गृहस्थ बहुधा घोड्यावरून जात असावा. पायांनी चालणं ही मुद्दाम नोंद करून ठेवण्याजोगी गोष्ट आहे, हे खुद्द चालणाऱ्याला सुचणं शक्य नाही. शाळेत आम्हांला जलचर, भूचर, उभयचर असे प्राण्यांचे वर्ग शिकवत. त्यांच्या पंक्तीला शोभेल असं हे नाव आहे. पादचारी : आढळ – रस्त्याच्या कडेला. स्वभाव – भित्रा. अन्न – डबा. नैसर्गिक शत्रू – बाकी सगळे. शेवटी ‘संख्या झपाट्याने घटत आहे’ एवढं लिहिलं की धडा पुरा.

मी या जातीचा. जन्म १९५१चा, मुक्काम १९७३ पासून चिंचवड. तीन तपं एका कारखान्यात काढली, हजारो गाड्यांना माझा हात लागला आणि त्या हजारो गाड्या बनवून मी रोज घरी चालत आलो. यात कोणाला विनोद दिसेल. मला दिसत नाही. हलवाई कुठे रोज जिलबी खातो? फरक एवढाच की हलवायाच्या अंगावर जिलबी धावून येत नाही.

आमच्या गावाच्या छातीवरून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. खरं म्हणजे गावातून रस्ता जात नाही, रस्त्यातून गाव जातं. पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ साली आला, मागोमाग मोटारींचे, स्कुटरींचे, त्यांच्या नटबोल्टांचे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका झाली. त्या दिवसांत पाळी सुटल्याचा भोंगा झाला की गेटं उघडत आणि सायकलींचा असा लोंढा रस्त्यावर येई की मुंबईहून आलेला ट्रक मुकाट्याने बाजूला थांबे. हॉर्न कोणाला देणार? हजार माणसांना एकदम शिवी देण्याची छाती अजून कोणाची झालेली नाही. आकुर्डीला १९७२ पासून चेतक स्कूटर बनू लागली होती, पण तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे. नंबर लागेपर्यंत सायकल. कित्येकांची सायकल मुलाला कॉलेजापर्यंत पुरली, स्कुटरचा नंबर जावयाला लागला.

मग नंबर लागत गेले आणि रस्ता रुंदावत गेला. आज दापोडी ते निगडी साडेबारा किलोमीटरचा हा रस्ता ६१ मीटर रुंद आहे. मधोमध वेगवान गाड्यांसाठी ग्रेड सेपरेटर, दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड. ग्रेड सेपरेटर हे नाव ऐकल्यावर आमच्या कामगारांना फार नवल वाटलं नाही. ग्रेड म्हणजे काय ते प्रत्येक वेतनकरारात आम्ही पाहिलेलं होतं. चारचाकीवाला वरच्या ग्रेडचा, दुचाकीवाला मधल्या ग्रेडचा आणि चालणारा बदली कामगार. हजेरीपटावर नाव नाही, आला तर आला.

६१ मीटर म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकापुढे एक अंथरल्या तर साधारण तेवढं अंतर होतं. तेव्हा आमच्याकडे रस्ता ओलांडणं म्हणजे पळून तीन धावा काढणं. थ्रो मात्र चेंडूचा नसतो, डंपरचा असतो आणि तो हमखास स्टंपावर बसतो. आता रस्त्यांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. ती चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरते. भागाकार करून पाहा. ६१ मीटरला ५१ सेकंद लागतात. आमच्या चौकातला सिग्नलमधला हिरवा माणूस त्याच्या निम्म्या वेळातच तांबडा होतो. तो सिग्नलमध्ये असल्यामुळे त्याचं ठीक आहे. आम्ही मात्र तेव्हा दुसऱ्या खेळपट्टीच्या मध्यावर असतो.

“मग पादचारी पुलावरून जा की!” असं लोक म्हणतात. म्हणणारे गाडीत असतात. या पुलाचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. खालून ट्रक-कंटेनर जायचे म्हणून साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर सदतीस पायऱ्या झाल्या, पुलाच्या जाडीच्या वेगळ्या. म्हणजे चाळीस चढायच्या आणि चाळीस उतरायच्या. शंभर घोड्यांची ताकद असलेल्या इंजिनाला सपाट रस्ता आणि गुडघ्याची वाटी बदललेल्या माणसाला चाळीस पायऱ्या! घोडे शंभर आणि चढतो कोण, तर आमची ही. ती भाजी आणायला समोरच्या बाजूला जायचं तर रिक्षा करते. रिक्षा पुढे जाते, वळसा घालते आणि दारासमोर दिसणाऱ्या भाजीवाल्यापाशी आणून सोडते. दहा रुपयांची कोथिंबीर आणि तिच्यासाठी रिक्षाचं भाडं! कोथिंबिरीला इतकं वरचं स्थान आमच्या घरात पूर्वी नव्हतं.

आता रस्ता ओलांडायचा नाही, नुसतं कडेने सरळ चालायचं ठरवलं तर? त्यासाठी फुटपाथ असतो. आमच्या भागातल्या फुटपाथवर क्रमाने पुढील गोष्टी आहेत : विजेची डीपी, तिच्याभोवतीचं कुंपण, वाढदिवसाचा फ्लेक्स, तो ज्याला बांधला आहे ते झाड, झाडाला टेकून पंक्चरवाला, तीन स्कुटरी, वडापाव आणि एक उघडं चेंबर. चालण्यासाठी मोकळी जागा शोधायला जावं तर तिथे पेव्हर ब्लॉक असतो. वरून कोरडा दिसणारा पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात पाय ठेवताच जी पिचकारी मारतो, तिने आमची रंगपंचमी जून ते सप्टेंबर चालते. शिवाय प्रत्येक बंगल्याच्या आणि दुकानाच्या गेटापाशी फुटपाथ खाली उतरतो, मुजरा करतो आणि पुन्हा वर चढतो. पुस्तकातला नियम काय म्हणतो? फुटपाथची कड १५ सेंटिमीटरहून उंच नको, वस्तीत चालायला १.८ मीटर आणि बाजारपेठेत अडीच मीटर जागा सलग मोकळी हवी. नियम २०१२चा आहे. फुटपाथने तो वाचलेला दिसत नाही.

मी एका कचेरीत तक्रार घेऊन गेलो होतो. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथले साहेब भले होते आणि चहाही चांगला होता. खिडकीतल्या मुलाने छापील फॉर्म पुढे सरकवला.

“वाहन क्रमांक लिहा काका.”

“वाहन नाहीये. चालण्याची तक्रार आहे.”

“हो, पण रकाना रिकामा चालत नाही. कम्प्युटर पुढे जात नाही.”

“कम्प्युटर जात नाही, मीही जात नाही. तीच तर तक्रार आहे.”

शेवटी त्या रकान्यात मी लिहिलं, ‘पाय, नग दोन, मॉडेल १९५१’. मुलगा हसला आणि त्याने शिक्का मारला. शिक्का अजून आहे. डीपीही आहे.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. इतका वेळ आलो नाही, कारण मधे रस्ता होता.

या पट्ट्यातल्या कोणत्याही बऱ्या कारखान्यात जाऊन पाहा. शॉपमध्ये जमिनीवर दोन पिवळे पट्टे ओढलेले दिसतील. त्या दोन पट्ट्यांच्या मधली जागा माणसांची. फोर्कलिफ्टवाला कितीही घाईत असो, पट्टा ओलांडायच्या आधी थांबेल, भोंगा देईल, माणूस गेल्यावर पुढे जाईल. त्या जागेत कोणी खोकं ठेवलं तर सेफ्टी ऑफिसर येऊन पहिल्यांदा खोक्याची आणि मग ठेवणाऱ्याची विचारपूस करतो. आमच्या गेटावर एक पाटी होती, ‘अपघाताविना दिवस’ आणि पुढे आकडा. आकडा शंभराच्या पुढे गेला की पेढे मिळत. कोणाचं बोट जरी चेमटलं तरी आकडा शून्यावर येई, चौकशी बसे, मशीनला जाळी लागे. “त्या माणसाने बोट तिथे घातलंच कशाला?” असं विचारून कागद मिटवता येत नसे. पहिला प्रश्न असे, “बोट तिथे जाऊ शकलंच कसं?”

ही शिस्त आमच्या गावाला पाठ आहे. बाकीच्या शहरांना ती पुस्तकातून शिकावी लागेल, आमच्याकडे घराघरांत ती पगाराबरोबर आली. आणि तोच फोर्कलिफ्टवाला, तोच सेफ्टी ऑफिसर, तोच मॅनेजर गेटाबाहेर पडला की? पिवळा पट्टा गेटाच्या उंबऱ्याशी संपतो. आत तीन टनांची फोर्कलिफ्ट माणसाच्या चालीने जाते आणि माणसासाठी थांबते. बाहेर तीस टनांचा ट्रक साठाच्या वेगाने जातो आणि माणसाने थांबावं अशी अपेक्षा असते. आठ तास ज्याचं बोट वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तो अख्खा माणूस आपण संध्याकाळी रस्त्यावर टाकून देतो.

बाहेर चौकशी कशी होते? वर्तमानपत्रात चार ओळी येतात. ‘रस्ता ओलांडत असताना अज्ञात वाहनाच्या धडकेने पादचाऱ्याचा मृत्यू.’ या वाक्याकडे जरा नीट पाहा. वाहन अज्ञात आहे, आणि माणसाचा गुन्हा मात्र ज्ञात आहे : तो रस्ता ओलांडत होता. २०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ चालणारी होती. हे सरकारी आकडे आहेत. भागाकाराची खोड मला आहेच, म्हणून केला. दिवसाला नव्वद येतात. नव्वद घरांत रोज संध्याकाळी कोणीतरी दार उघडं ठेवून वाट पाहत बसतं. इथे मला विनोद सुचत नाही, आणि सुचला तरी मी करणार नाही.

गेल्या काही वर्षांत महापालिकेने याच हमरस्त्याच्या कडेला रुंद पदपथ आणि सायकलसाठी वाट करायला घेतली. निगडी प्राधिकरणात चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी ‘हरित सेतू’ नावाचा प्रकल्प काढला. मला वाटलं, पिवळा पट्टा अखेर गेटाबाहेर आला! पण पदपथाचं सिमेंट वाळायच्या आत ओरड सुरू झाली : “रस्ता अरुंद केला!”

आमचे मेव्हणे त्यांत आघाडीवर. त्यांची गाडी आमच्या स्वयंपाकघराएवढी आहे आणि तीत बहुतेक वेळा ते एकटेच असतात.

“भाऊजी, साठ फुटी फुटपाथ करून ठेवलेत हो! गाड्यांनी जायचं कुठनं?”

साठ फूट नव्हे, पण मेव्हण्यांच्या मोजमापाला मी कधी हरकत घेत नाही. मी आपला त्यांच्यापुढे भागाकार ठेवला. समजा, दोन्ही कडांना चालणाऱ्यांसाठी दोन-दोन मीटर जास्त दिले. झाले चार. ६१ मीटरांतले चार म्हणजे रुपयातला एक आणा, फार तर किंचित वर. उरलेले जवळजवळ पंधरा आणे तुमच्याकडेच आहेत. पन्नास वर्षं रस्ता तुमच्यासाठी रुंदावला, त्या पायी झाडं गेली, ओटे गेले, तेव्हा “फुटपाथ अरुंद केला हो” म्हणून कोणी मोर्चा काढला होता? आणि एवढा रुंद करून तुम्ही संध्याकाळी सहाला पिंपरीत काय करत असता? उभे असता. उभंच राहायचं तर त्याला ६१ मीटर कशाला?

“पण चालतंय कोण इथे?” मेव्हण्यांचा पुढचा चेंडू. “आणि सायकल? या उन्हात?”

ज्या घाटावर मगरी आहेत तिथे कोणी आंघोळ करत नाही. म्हणून त्या गावाला आंघोळीची आवड नाही असा निष्कर्ष काढायचा का? बरं, कोणी चालत नाही हे मेव्हण्यांना कसं कळलं? ते नवाला निघतात. सहाला उठून गॅलरीत उभे राहा म्हणावं. पहिल्या पाळीची पोरं, धुण्याभांड्याच्या बाया, पाठीवर दप्तर आणि हातात धाकट्याचं बोट धरलेल्या मुली, फुलवाल्या, वॉचमन. ज्यांच्या येण्यावर मेव्हण्यांचा नवाचा चहा अवलंबून आहे ती सगळी माणसं कडेकडेने, डीपीला वळसा घालून, चेंबर चुकवत चालत असतात. शिवाय २०२२च्या मार्चपासून पिंपरीत मेट्रो आहे. मेट्रो घरापर्यंत येत नाही. सरकत्या जिन्याने थंडगार स्टेशनातून साहेबासारखं खाली यायचं आणि शेवटच्या पायरीवर पुन्हा पादचारी व्हायचं! खुद्द मेव्हणेसुद्धा गाडी लावल्यापासून हॉटेलात शिरेपर्यंत पादचारीच असतात. तेवढ्या वीस पावलांत ते वाहतुकीला किती शिव्या देतात ते मी ऐकलेलं आहे.

सायकलच्या वाटेवर मोटारी उभ्या असतात, म्हणून ती वाट निरुपयोगी, असाही एक युक्तिवाद असतो. देवळात चोर शिरतो म्हणून देऊळ पाडायचं, असं कोणी म्हणत नाही. चोराला धरा म्हणतात.

हीच गोष्ट पुढे चाकणला जाऊन पाहा. चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. एवढी फौज घेऊन आलेल्या खानाला चाकण इतका काळ ओलांडता आलं नाही. आज तळेगाव चौकात संध्याकाळी गाडीत बसलेल्या माणसाला खानाबद्दल सहानुभूती वाटू लागते. पण त्या गाडीवाल्यापेक्षा वाईट दशा नाशिक रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याची आहे. मराठवाड्यातून, बिहारमधून, ओडिशातून आलेली ही पोरं जगभर जाणाऱ्या गाड्या जोडतात आणि रात्री पाळी सुटली की डब्याची पिशवी हलवत, मोबाइलच्या उजेडात, कंटेनर आणि गटार यांच्यामधल्या दोन फुटांवरून खोलीवर जातात. खानाने निदान लढाई जाहीर केली होती.

“आपला रस्ता चालण्यासाठी नाहीच मुळी,” हे मेव्हण्यांचं शेवटचं वाक्य. याला मात्र माझ्याकडे दर वर्षी नवं होणारं उत्तर आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला जाते ती याच रस्त्याने. त्या दिवशी गाड्या दुसरीकडून वळवतात आणि आमचा रस्ता पाहण्यासारखा असतो. कडेपासून कडेपर्यंत माणसंच माणसं. डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या आजीबाई त्या तीन खेळपट्ट्या इकडून तिकडे सहज ओलांडतात. कोणी हॉर्न देत नाही. कारखान्यांचे दरवाजे चालूच राहतात, गाव बुडत नाही, उलट प्रत्येक सोसायटी केळी आणि पाणी घेऊन कडेला उभी राहते. मेव्हणे स्वतः राजगिऱ्याचे लाडू वाटतात आणि वारकऱ्यांच्या पाया पडतात. एक दिवस चालणाऱ्याच्या पाया पडायचं आणि उरलेले दिवस त्याच्या पायांवरून गाडी न्यायची, याला कोणत्या मार्गातली भक्ती म्हणायची? मी वर्षभर पालखी मागत नाही. कडेची अडीच मीटर पालखी वर्षभर मागतो.

“ते हॉलंडबिलंडमध्ये शक्य आहे, त्यांच्या रक्तातच सायकल आहे,” असंही ऐकतो. रक्तात होतं खरं, पण ते रस्त्यावर सांडलेलं. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजार तीनशेच्या आसपास माणसं मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तेव्हा तिकडच्या आईबापांनी ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असं सरळ नाव ठेवून चळवळ काढली आणि रस्त्यांत ठाण मांडलं. तिकडेही मेव्हणे होतेच. तिकडचे दुकानदारही म्हणत होते की गिऱ्हाईक येणार नाही. आज आपण सहलीला जाऊन त्या रस्त्यांचे फोटो काढून आणतो आणि इथल्या सायकलच्या वाटेवर गाडी लावून ते शेजाऱ्यांना दाखवतो.

२०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चांगला पदपथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच येतो. ऐकून बरं वाटलं. माझ्याकडे आता कलम आहे, मोर्चेकऱ्यांकडे रस्ता आहे.

तेव्हा मागणं थोडकंच आहे. कचेरीच्या रकान्यात मावेल एवढं. फुटपाथ गेटापाशी उतरू नये, गाडीने त्याच्यावर चढून हळू जावं. चौकात रस्ता फुटपाथच्या उंचीला यावा, फुटपाथने रस्त्याच्या पाया पडू नये. पुलाच्या पायऱ्या ज्यांना हव्यात त्यांनी चढाव्यात, बाकीच्यांना जमिनीवरून, पुऱ्या ५१ सेकंदांत जाऊ द्यावं. आणि जे बांधायला घेतलंय ते मेव्हण्यांच्या ओरड्याने उखडू नये.

आणखी एक. प्रत्येक चौकात कारखान्याच्या गेटावर असते तशी पाटी लावावी : ‘अपघाताविना दिवस’. आकडा रोज सकाळी सर्वांदेखत बदलावा. कोणी चालणारा गेला तर शून्य लिहावं आणि पहिला प्रश्न विचारावा की तो तिथे मरू शकलाच कसा? शंभर दिवस झाले तर पेढे माझ्याकडून. समोरच्या बाजूच्या हलवायाकडून आणीन म्हणतो. चालत.